पेल्यांपुढचा कोळसा

वेक्सच्या रविवारी इंग्लंडातल्या लाँगटनचं आकाश निळं निघायचं, आणि केझायाला ते कधीच आवडलं नाही. वर्षभर धुराखाली वावरलेल्या माणसाला ते उघडं आकाश म्हणजे टोपी न घालता चॅपेलात शिरल्यासारखं वाटे. वेक्सच्या त्या सुट्टीच्या आठवड्यात गावातल्या मातीच्या भांड्यांच्या सगळ्या भट्ट्या विझलेल्या असत. पलीकडच्या टेकडीवरच्या गाई मोजून घ्याव्यात इतकी हवा स्वच्छ होई. लोक म्हणत, काय बाई सुरेख दिवस! केझाया म्हणे, "सुरेख कसला? कुणी कामावर नाही म्हणून दिसतोय तो."

यंदा तर त्या निळ्या आकाशाकडे तिला बघवत नव्हतं. तिच्या रंगखात्यातल्या बायका शनिवारच्या गाडीने ऱ्हिलला समुद्रावर गेल्या. गाडी सुटेपर्यंत खिडकीतून हात हलवत होत्या, गात होत्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं केझायाला, आणि फलाटावर उभं असताना तिने ते चेहऱ्यावर येऊ दिलं नव्हतं.

शुक्रवारी काम सुटताना लायोनेल रंगखात्यात आला होता. तिच्या भावाचा नातू, तिच्याच मांडीवर वाढलेला. हॅट हातात धरून उभा राहिला, तेव्हाच तिने ओळखलं. घरच्या पोराने हॅट हातात धरली की समजावं, काहीतरी गेलंय किंवा जाणार आहे.

"आत्याआजी, वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला, "पण तुझा एकेक पेला आपल्याला बुडवतोय."

पेले म्हणजे उकडलेलं अंडं उभं ठेवायचे ते चिमुकले पेले. केझायाच्या बायका त्यांच्यावर हाताने फुलं काढायच्या. निळ्या घंटा, पिवळी प्रिमरोझ, एखादी वेल. त्याच्याबरोबर मोहरीची भांडी, दुधाच्या बोटभर सुरया. शेंटनांच्या, म्हणजे केझायाच्या घरच्या, कारखान्यात बाकी सगळा माल छापाचा, यंत्रावर थापलेल्या ताटल्यांचा. हाताचं काम तेवढं केझायाकडे. आणि लायोनेलने आकडे मांडून सिद्ध केलं होतं की प्रत्येक पेल्यामागे कारखाना खिशातून पैसे घालतो.

रविवारच्या जेवणानंतर एनकदादा, तिचा भाऊ आणि कारखान्याचा मालक, निकाल देणार होता. सोमवारी सकाळी सगळं घर सुट्टीला लँडुडनोला निघणार, आणि जाता जाता रूबेन, एनकचा मुलगा, स्टेशनवरच्या पेटीत कॅनडाच्या व्यापाऱ्याला लिहिलेलं पत्र टाकणार. वर्षभर ताटल्या, हव्या तितक्या. तेवढ्या ताटल्यांना भट्टीत जागा हवी, माल ठेवायला रंगखात्याची खोली हवी. पत्र पेटीत पडलं की केझायाचं खातं बंद.

जेवायला सगळे जमले तेव्हा एनकने नेहमीसारखं ताटल्यांचं वाटप स्वतः केलं. शेंटनांच्या घरी चांगल्या ताटलीत कुणी जेवत नसे. चांगली ताटली विकायची असते. घरच्यांसाठी असायच्या त्या भट्टीतून वाकडं तोंड करून निघालेल्या, कुठे झिलई उडालेल्या, कुठे छाप घसरलेल्या. पाहुण्याला त्यातल्या त्यात देखणी ताटली मिळे.

यंदाची पाहुणी होती विनिफ्रेड. लायोनेलशी लग्न ठरलेली, बर्मिंगहॅमच्या एका बटणांच्या कारखान्यात कचेरीत काम करणारी. तिच्या ताटलीवर छाप घसरून पुलाचे दोन तुकडे झाले होते आणि त्यावरचा माणूस एका तुकड्यावरून दुसऱ्याकडे बघत उभा होता.

"ह्याचं कसं व्हायचं हो?" विनिफ्रेडने विचारलं.

"वीस वर्षं तो तिथेच उभाय," एनक म्हणाला. "आमच्या रूबेनसारखा. पलीकडे जायची हौस, पण बाबा पूल बांधून देत नाहीत."

विनिफ्रेड हसली आणि तिने ताटली उलटी करून खालचा शिक्का बघितला. मग एनकने मिशीवरून बोट फिरवलं. "फीबे, ही पोरगी आपल्यातली आहे. ताटली उलटी करून बघितली तिने."

"ताटलीत काही नव्हतं म्हणून बरं," फीबी म्हणाली. फीबी म्हणजे रूबेनची बायको, लायोनेलची आई. तिने बोलता बोलताच लेकाच्या कानावरची पेन्सिल काढून आपल्या खिशात घातली. "रविवार आहे, देवाचा वार. बोला काय बोलायचं ते. घरात पेन्सिल चालणार नाही."

"आई, आकडे तोंडी कसे सांगू?"

"तुझ्या आजोबांनी आयुष्यभर तोंडीच सांगितले."

"म्हणून तर ही वेळ आली," लायोनेल पुटपुटला.

"ऐकू आलं हं मला," एनक म्हणाला. "कान म्हातारे झालेत, पण माझ्याविरुद्धचं सगळं ऐकू येतं. भाव ठरवायची माझी पद्धत काय वाईट होती? शेजारच्याचा भाव बघायचा, त्याच्यापेक्षा पाव पेनीचा एक फार्दिंग कमी लावायचा, आणि वर्षाअखेरीला काही उरलं तर देवाचे आभार मानायचे."

"आणि नाही उरलं तर?"

"तरी मानायचे. चॅपेलात काय, उरल्यावरच जायचं?"

केझायाने भाजलेल्या मांसाचा तुकडा कापला आणि ताटलीच्या कडेला सरकवला. एरवी ह्या बोलाबोलीत ती सगळ्यांच्या पुढे असायची. तिने लायोनेलकडे बघितलं. चांगलं पोर होतं. जर्मनांशी झालेल्या लढाईत त्याला अधू डोळ्यांमुळे आघाडीवर घेतलं नाही, तेव्हा तो तोफगोळ्यांच्या कारखान्यात हिशेबाला बसला. तिथे सरकारने कारखानदारांना सांगितलं होतं, तुम्ही मागाल तो भाव मिळणार नाही, एका गोळ्याला खरा खर्च किती येतो ते दाखवा. तेव्हापासून पोराला त्या विद्येचं वेड लागलं. कॉस्टिंग म्हणायचा तो तिला, आणि इतक्या मायेने म्हणायचा की विनिफ्रेड भेटायच्या आधी फीबीला वाटलं होतं, हे एखाद्या मुलीचंच नाव असावं.

"मुद्द्याचं बोलू या," रूबेन म्हणाला. जेवणाच्या सेटचा सगळा धंदा त्याच्याकडे. त्याच्या कोटाच्या खिशातून कॅनडाच्या पत्राचं टोक डोकावत होतं. "आत्याबद्दल कुणाच्या मनात काही नाही. आत्या, तुला माहितेय ना?"

"माहितेय रे. माझ्याबद्दल काही नाही. माझं खातं तेवढं नको."

"तसं नाही—"

"लायोनेल, बाळा," केझाया म्हणाली, "हे मटण वाढलंय आईने, ह्यातल्या माझ्या तुकड्याला खर्च किती आला?"

"आत्याआजी, चेष्टा नको."

"चेष्टा नाही. शिकायचंय मला. म्हातारपणी डोकं चालतं राहावं."

लायोनेलला शिकवायची संधी म्हटली की धीर धरवत नसे. तो पुढे सरकला. मांसाचे पैसे सरळ आहेत, म्हणाला. पण चुलीचा कोळसा, छप्पर, भांडी घासणाऱ्या बाईचा पगार, हे कुणाच्या तुकड्यावर टाकायचं? हाच सगळा प्रश्न. कारखान्यात माती कळते, मजुरी कळते. भट्टीचा कोळसा, घोडा, कारकून, गळकं छप्पर, हा वरखर्च कुणाच्या नावावर मांडायचा? दीडशे वर्षांपूर्वी एत्रुरिया कारखान्याच्या मालकाला, त्या लाकडी पायाच्या जोसायालाही हेच कोडं पडलं होतं. मंदी आली तेव्हा तो एकेका फुलदाणीचा खर्च काढत बसला होता.

"त्याला एकच पाय होता," एनक म्हणाला. "बसण्यावाचून करणार काय?"

"आजोबा! त्या बसण्यावर तो तरला."

"बरं, मग तू माझ्या पेल्यावर कोळसा कसा टाकलास?" केझायाने विचारलं.

"सगळीकडे टाकतात तसाच. मजुरीच्या प्रमाणात. ज्या मालावर जितकी मजुरी, तितका वरखर्च त्याच्या नावावर. गोळ्यांच्या कारखान्यात असंच होतं. आता देशभर असंच करतात."

केझायाने सुरी-काटा खाली ठेवला. "म्हणजे आमची डॉर्कस दिवसभर बसून फुलं काढते, म्हणून दिवसभराचा कोळसा तिच्या पेल्यांवर?"

"प्रमाणात."

"आणि तिने उद्या आळस केला, दोन दिवस लावले, तर भट्टी दुप्पट कोळसा खाते?"

विनिफ्रेड खोकली. रूबेनने पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला, पण तिला ठसका लागला नव्हता, ती हसत होती.

"तसं नाही म्हणत मी," लायोनेल म्हणाला. त्याचे कान लाल झाले. "कुठेतरी टांगावाच लागतो ना खर्च? खुंटी कुठलीतरी हवीच. तोफगोळ्याला ही खुंटी बरोबर होती."

"तोफगोळा आम्ही भाजत नाही, राजा. आमचा कोळसा रंगखात्यात जळत नाही, भट्टीत जळतो. आणि भट्टीत कुणी बसून काम करत नाही. तिथे फक्त जागा अडवतात."

"आत्याबाई, पोराने लढाईभर अभ्यास केलाय," फीबी म्हणाली. लेकाचे कान लाल झालेले तिला बघवत नसत. "सरकारला पटलं ते आपल्याला पटायला काय हरकत आहे?"

"सरकार आमच्या भट्टीत कधी शिरलंय का?"

लायोनेल उत्तर देणार होता, पण थांबला. केझायाने त्याच्यात हीच एक गोष्ट लहानपणापासून ओळखली होती. आपलं चुकतंय असं वाटलं की पोराचा घास हातातच राहायचा. आताही गोडाला आलेल्या गूजबेरीच्या पाईचा घास तसाच राहिला.

"जागेचं कुणी मोजलंच नाही," तो म्हणाला. "पेन्सिल दे गं, आई."

"नाही."

"मग भट्टीत जाऊन बघतो."

"रविवारी? चॅपेलच्या कपड्यांत?"

"फीबे," एनक खुर्चीतून उठत म्हणाला, "बैल विहिरीत पडला तर शब्बाथच्या, विसाव्याच्या दिवशीही काढावा असं बायबलात आहे. आणि बघणं हे काम नव्हे. मी चाळीस वर्षं नुसता बघतच आलोय."

थंड भट्टीत शिरायला मिळायचं ते वेक्समध्येच. आता त्या भट्ट्या राहिल्या नाहीत, लाँगटनला रोजच निळं आकाश असतं, आणि हे सांगितलं तर पोरांना खोटं वाटतं. पण त्या आठवड्यात बाटलीच्या आकाराच्या त्या पोटफुगीर भट्टीच्या आत उभं राहिलं की वर उघड्या तोंडातून एक नाण्याएवढं आभाळ दिसे, आणि बोललेला प्रत्येक शब्द भिंतीवरून फिरून परत यायचा. बायका त्यात पाऊल टाकत नसत. केझाया टाकायची. फीबी दारात रुमाल नाकाशी धरून उभी राहिली, आणि कोण काय करतंय ते दिसेना म्हणून थोड्या वेळाने आत आली.

रूबेनने कोट काढला. तरुणपणी दोन वर्षं एनकने त्याला भट्टी रचायला लावलं होतं, आणि ते त्याला अजून येत होतं. त्याने एक लांबट सॅगर ओढला. भांडी धुराला लागू नयेत म्हणून ज्यात बंद करून भट्टीत रचतात ती जाड मातीची पेटी. त्याने त्यात ताटल्या लावल्या, एकीला दुसरी चिकटू नये म्हणून मध्ये मातीची तिकटी देत देत. हात सफाईने चालले होते. केझायाला वाटलं, हा माणूस विक्रीत उगाच गेला.

"झाली भरली पेटी," रूबेन म्हणाला.

"आणि ही टोकं?" लायोनेलने विचारलं. ताटल्या गोल, पेटी लांबट. दोन्ही टोकांना जागा उरली होती.

"तिथे आत्याचे पेले जातात. नेहमीच."

"नेहमीच?"

"मग काय रिकामं ठेवायचं? तिथे ताटली थोडीच मावते?"

लायोनेल तसाच उभा राहिला. मग त्याने खिशातून पांढरा रुमाल काढला, भट्टीच्या तोंडाशी गेला आणि रुमालात कोळशाचे खडे भरून आणले. फीबी कळवळली. ते रुमाल तिने स्वतः शिवले होते.

"पेन्सिल नाही, तर हे," तो म्हणाला. "हा समजा एका भट्टीचा कोळसा. आता माझ्या कागदावर कसं आहे बघा."

त्याने एका पेटीवर ताटल्यांची चळत ठेवली, शेजारच्या पेटीवर सगळ्या रंगखात्याच्या नावाने एकच पेला. निळ्या घंटांचा. मग खडे वाटायला लागला. एक ताटल्यांपुढे, दोन पेल्यापुढे. एक ताटल्यांपुढे, दोन पेल्यापुढे. खडे संपले तेव्हा पेला दिसेनासा झाला होता. कोळशाच्या ढिगामागून त्याचा नुसता काठ दिसत होता.

पहिली हसली विनिफ्रेड. मग एनक हसला, आणि भट्टीने ते हसू दसपट करून परत दिलं. शेवटी लायोनेलही हसला. कागदावर जे दिमाखात उभं होतं ते इथे कोळशाखाली गाडलं गेलं होतं.

"अगं बाई," केझाया म्हणाली, "एवढं शेकल्यावर अंडं आत ठेवायच्या आधीच उकडायचं."

लायोनेलने ढीग मोडला आणि जागेच्या हिशेबाने पुन्हा वाटला. पेल्यापुढे एक खडा राहिला, तोही लहान. बाकी सगळा ताटल्यांपुढे गेला. आता कुणी हसलं नाही. सगळ्यांनी रूबेनकडे बघितलं.

"हे काय?" रूबेन म्हणाला. "माझ्या ताटल्यांनी काय घोडं मारलंय?"

"बाबा, कॅनडाला जो भाव लिहिलाय त्यात हा कोळसा बसत नाही. पेल्यांच्या नावावर टाकला होता म्हणून ताटली स्वस्त दिसत होती."

"कालपर्यंत तुझं कॉस्टिंग छान होतं!"

"काल ते तुम्हाला पाहिजे ते सांगत होतं," केझाया म्हणाली.

"मला विचाराल तर," रूबेन कोट झटकत म्हणाला, "ह्या सगळ्या पोरखेळाला काही अर्थ नाही. कोळसा कारखान्याचा. त्याचं तुझं-माझं काय करायचं? आजवर आपण कधी केलं?"

"मी म्हणतच होते," फीबी म्हणाली, "सरकारचं नि आपलं वेगळं." आणि पुन्हा रुमाल नाकाशी धरला. केझायाला हसू आवरेना. जेवताना नवरा-बायको दोघं कॉस्टिंगच्या बाजूने होती आणि ती एकटी विरुद्ध. टेबलावरची पाई संपायच्या आत सगळ्यांनी जागा बदलल्या होत्या. आता तीच लायोनेलचा कोपर धरून उभी होती.

"पण आत्याआजी, तूही फार हुरळू नकोस," लायोनेल म्हणाला. "ह्या फटी ताटल्यांमुळेच मिळतात. उद्या ताटल्या बंद पडल्या तर सगळी पेटी तुझ्या पेल्यांनी भरावी लागेल, आणि मग सगळे खडे तुझ्याकडे येतील. तू बाबांच्या मांडीवर बसून प्रवास करतेयस."

"अरे, एका घरात असंच असतं," एनक म्हणाला. "कुणी कुणाच्या जिवावर जेवलं हे काढायला बसलं की जेवण राहतं." त्याने बहिणीकडे बघितलं. "म्हणजे खातं चालू राहिलं. संपलं. केझाया, झालं तुझ्या मनासारखं?"

झालं होतं. केझायाला वाटलं, आता इथून निघावं, हात धुवावेत आणि चहा टाकावा. तेवढ्यात विनिफ्रेड बोलली. तिच्या बोलण्यात काही डाव नव्हता. ती कचेरीत बसणारी मुलगी, आणि तिला खरंच कळलं नव्हतं.

"पण मिस शेंटनचा पगार कुठेय ह्यात?"

"कुणाचा?" एनकने विचारलं.

"ह्यांचा. खातं ह्या सांभाळतात ना? आमच्याकडे मुकादमिणीचा पगारही मालावर टाकतात."

लायोनेलने आजोबांकडे बघितलं. आजोबांनी भिंतीकडे.

"आत्याआजीला पगार नाही," लायोनेल हळूच म्हणाला. "मी धरलाच नव्हता. ती घरचीच ना."

घरचीच. केझायाने तो शब्द आयुष्यभर अंगावर शालीसारखा घेतला होता. वडील गेल्यावर तिने माळ्यावरची खोली आणि कामाला दोन मुली मागितल्या, आणि एनकने दिल्या. तेव्हापासून गावभर होतं, एनक शेंटनने बहिणीचं मन राखलं. तिलाही तसंच वाटे. टोपी हवी असली तर ती दादाला सांगे, दादा पैसे देई, आणि ती आभार मानी. पुढे दोनाच्या बावीस मुली झाल्या. त्यांचा पगार दर शनिवारी ती स्वतः वाटायची. आपल्या हातात कधी काही पडत नाही हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. आज एका परक्या पोरीने विचारलं तेव्हा आलं.

"आता धरला तर?" तिने विचारलं.

लायोनेल घुटमळला. "तर पेला पुन्हा बुडीत जाईल. कदाचित."

"छान," रूबेन म्हणाला. "धरूच मग. हिशेब म्हणजे हिशेब."

"आत्याबाई, राहू द्या," फीबी तिच्याजवळ येऊन कुजबुजली, आणि ह्या वेळी ती मनापासून बोलत होती. "झाकली मूठ आहे. खातं वाचलंय तुमचं. कशाला उघडता?"

फीबीचं खरं होतं. नुसतं गप्प बसलं की पुरे होतं. ऱ्हिलहून बायका परत येतील, ब्रश घेऊन बसतील, आणि सगळं आधीसारखं राहील. केझायाने निळ्या घंटांच्या पेल्याकडे बघितलं, त्याच्यापुढच्या त्या एकुलत्या एका लहानशा खड्याकडे. मग तिने आपला हातमोजा काढला आणि पगाराचा खडा म्हणून पेल्याशेजारी ठेवला.

"धर," ती म्हणाली. "आणि कमी धरू नकोस. दादा, छापखात्याच्या मुकादमाला काय देतोस?"

"आठवड्याला तीन पौंड," एनक म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता.

"तेवढा."

"आत्या, तो पुरुष आहे!" रूबेन म्हणाला. "त्याला संसार आहे."

"मला बावीस आहेत. त्यातल्या निम्म्यांचे नवरे दारू पितात आणि एकीला जुळं होणारेय. तू मोज, लायोनेल."

लायोनेल डोळे मिटून ओठांनी मोजत राहिला. फीबीने खिशातली पेन्सिल चाचपली, चॅपेलचा विचार केला, आणि हात बाहेर काढला. शेवटी लायोनेलने डोळे उघडले.

"आताच्या भावात नाही बसत. पेल्यामागे अर्धा पेनी वाढवावा लागेल. वाढवला तर बसतं."

"वाढवला तर विकले जातील का पण?" एनकने विचारलं, आणि तो मुलाकडे वळला. "रूबेन, तू विकतोस. तू सांग."

केझायाला कळलं की सगळं आता इथे येऊन थांबलंय. रूबेनने नाही म्हटलं असतं तर कुणाला काही सिद्ध करता आलं नसतं. दुकानदारांना तोच भेटतो. आणि नाही म्हणायला त्याला कारणही होतं. कॅनडाचं पत्र त्याच्या खिशात होतं, ताटल्यांपुढचा कोळसा त्याच्या डोळ्यांसमोर होता, आणि त्याच्या एका नकाराने खोली मोकळी झाली असती. त्याने पेला उचलला, सवयीने उलटा केला, शिक्का बघितला. ह्या आत्याने त्याला लहानपणी वाकडे पेले खेळायला दिले होते. त्यांची तो अंगणात दुकानं मांडायचा, आणि गिऱ्हाईक तीच व्हायची. आता त्याला ते आठवलं की नाही, कोण जाणे.

"जातील," तो शेवटी म्हणाला, कुणाकडेही न बघता. "पूर्ण पेनीने वाढवले तरी जातील. मँचेस्टरवाला भाव विचारतच नाही, अजून आहेत का एवढंच विचारतो." मग त्याने पेला खाली ठेवला. "पण माझ्या कॅनडाचं काय?"

"कॅनडालाही सांग, भाव वाढलाय," एनक म्हणाला. "घेतलं तर देवाचे आभार."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर लायोनेलचे."

बाहेर पडताना एनक मागे रेंगाळला. त्याच्या चॅपेलच्या कॉलरवर काजळीचा फराटा उठला होता. केझाया थांबली.

"म्हणजे इतकी वर्षं," तो म्हणाला, "मी तुला सांभाळत नव्हतो?"

तिला वाटलं होतं आपल्याला राग येईल. थोडा आलाही. पण तो म्हातारा होता, आणि आपलं एकुलतं एक दानधर्माचं काम हातून निसटल्यासारखा उभा होता.

"सांभाळलंस की," ती म्हणाली. "कोण नाही म्हणतंय? आता फक्त दर शनिवारी सांभाळ. इतरांबरोबर."

त्याने मान हलवली. तीन पौंड जरा जास्तच होतात, असं तो दारातून बाहेर पडता पडता म्हणाला, आणि ती म्हणाली की छापखात्याच्या मुकादमाबद्दलही मला तसंच वाटतं.

वेक्स संपले. भट्ट्या पेटल्या, टेकडीवरच्या गाई दिसेनाशा झाल्या. बायका ऱ्हिलहून आल्या. नाकं उन्हाने सोललेली, टोप्यांत शिंपले, आणि डॉर्कसला समुद्राच्या धक्क्यावरच्या बाजावाल्याचं वेड लागलेलं. सगळ्या एकदम बोलत होत्या. ब्रश ओले करून बाकांवर बसल्यावर त्यातली कुणीतरी आठवण झाल्यासारखी वळली.

"आणि मिस केझाया, तुमचे वेक्स कसे गेले? विशेष काही?"

केझायाने ताज्या पेल्यांची फळी त्यांच्यापुढे ठेवली.

"विशेष असं नाही," ती म्हणाली. "मला नोकरी लागली."